इंग्रजीतला ‘आर’: कुठे उच्चारतात, कुठे गिळतात आणि मराठी जिभेने काय करावे

प्रश्न माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचा आहे. ‘कार’, ‘टीचर’, ‘पार्क’ अशा शब्दांतला ‘आर’ इंग्रज लोक उच्चारत नाहीत, असे त्यांना बी.एड.च्या वर्गात शिकवले गेले होते. त्यांच्या वर्गातली अमेरिकन मालिका पाहणारी मुले मात्र तो ठसठशीत उच्चारतात, आणि तोही आपल्या ‘र’सारखा नव्हे. बरोबर कोणते आणि मराठी मुलांना काय शिकवावे, असे त्या विचारतात. इंग्रजी ध्वनिशास्त्र शिकवणे आणि परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलणाऱ्या तरुणांचे उच्चार घडवणे हेच माझे बरीच वर्षे काम असल्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतले आहेत आणि ते सोडवून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शब्दातल्या कोणत्या जागचा ‘आर’ उच्चारायचा, हा पहिला. आणि उच्चारायचा तर जिभेने नेमके काय करायचे, हा दुसरा. अमेरिकन माणूस बहुधा सगळ्या जागचा ‘आर’ उच्चारतो, पण जीभ टाळ्याला टेकवत नाही. लंडनचा माणूस काही ठरावीक जागचाच उच्चारतो आणि जीभ तोही टेकवत नाही. स्कॉटलंडमधले अनेकजण सगळ्या जागचा उच्चारतात आणि जीभ टेकवतातही. मराठी माणूस इंग्रजी बोलताना हेच करतो, त्यामुळे आपला ‘आर’ इंग्रजीच्या जगात कोणाजवळ जाऊन बसतो असे विचाराल तर एडिंबरोच्या एखाद्या वयस्कर गृहस्थाजवळ.

आधी जागेचा प्रश्न घेऊ. इंग्लंडच्या बहुतेक भागांत, वेल्सच्या मोठ्या भागात, ऑस्ट्रेलियात, न्यूझीलंडमध्ये आणि दक्षिण आफ्रिकेत नियम असा की ‘आर’च्या लगेच पुढे स्वराचा उच्चार असेल तरच तो उच्चारायचा. ‘रेड’, ‘व्हेरी’, ‘ब्रेड’ यांत तो ऐकू येतो. ‘कार’, ‘पार्क’, ‘बर्ड’ यांत येत नाही आणि त्याच्या आधीचा स्वर लांबतो. लिहून दाखवायचे तर ‘काऽ’, ‘पाऽक’, ‘बऽड’. यामुळे ‘सॉस’ आणि ‘सोर्स’, ‘कॉट’ म्हणजे पकडले आणि ‘कोर्ट’ म्हणजे न्यायालय, अशा जोड्या तिथे एकसारख्याच उच्चारल्या जातात. कॅनडा, आयर्लंड, स्कॉटलंड आणि अमेरिकेचा बहुतांश भाग येथे या जोड्या वेगळ्या राहतात, कारण तिथे लिहिलेला प्रत्येक ‘आर’ बोलला जातो. कॅरिबियन बेटांतही एकवाक्यता नाही: बार्बाडोसचे लोक ‘आर’ पक्का उच्चारतात, त्रिनिदादचे बहुतेक सोडून देतात.

आता गंमत अशी की जिथे ‘आर’ गिळला जातो, तिथे तो कायमचा नाहीसा होत नाही. ‘कार’ हा शब्द एकटा असेल तर ‘काऽ’, पण पुढे ‘इज’ आला की ‘कारिज’. पुढच्या शब्दाच्या आरंभी स्वर आला की गिळलेला ‘आर’ परत वर येतो. इंग्रज बोलणाऱ्यांच्या जिभेला ही सवय इतकी जडली आहे की लिपीत ‘आर’ नसलेल्या जागीही तो येऊन बसतो. ‘लॉ अँड ऑर्डर’चे ‘लॉरण्ड ऑऽडऽ’ होते, ‘आयडिया ऑफ’चे ‘आयडियरव्ह’ होते आणि ‘ड्रॉइंग’चे ‘ड्रॉरिंग’. क्रिकेटचे समालोचन ऐकणाऱ्यांना याचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. इंग्लंडचा समालोचक ‘इंडिया आर’ म्हणताना पुष्कळदा ‘इंडियराऽ’ असे म्हणून जातो आणि आपल्याला वाटते की आपल्याच कानाला काहीतरी झाले. शुद्धतावादी इंग्रजांनी या आगंतुक ‘आर’वर फार आगपाखड केली आहे, पण ज्यांनी केली त्यांच्यापैकी अनेकांच्या स्वतःच्या बोलण्यात तो असणार, याबद्दल मला शंका नाही. जॉन केनेडी मॅसॅच्युसेट्सचे, म्हणजे अमेरिकेतल्या ‘आर’ सोडणाऱ्या पट्ट्यातले होते. ‘क्यूबा’ या शब्दाचा त्यांचा उच्चार ‘क्यूबर’ असा होत असे आणि क्षेपणास्त्रांच्या पेचप्रसंगामुळे १९६२ साली तो साऱ्या जगाने ऐकला.

हे सगळे केव्हा आणि कसे घडले, याचा माग बऱ्यापैकी लागतो. नाटककार बेन जॉन्सन यांचे इंग्रजी व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापले गेले. त्यात त्यांनी ‘आर’ शब्दाच्या आरंभी ठणठणीत आणि मध्ये व शेवटी अधिक पातळ उच्चारला जातो असे नोंदवले आहे, म्हणजे तो पातळ झाला होता, पण गेलेला नव्हता. दीडशे वर्षांनी, १७९१ साली, जॉन वॉकर आपल्या उच्चारकोशात लिहितात की लंडनमध्ये ‘बार’, ‘बार्ड’ असल्या शब्दांतला ‘आर’ म्हणजे जवळजवळ लांबवलेला ‘आ’च झाला आहे. या दोन नोंदींच्या मधल्या काळात इंग्लंडच्या आग्नेय भागातून तो ओसरत गेला. सतराव्या शतकात अमेरिकेत गेलेले लोक ‘आर’ बरोबर घेऊन गेले होते. पुढे बॉस्टन, न्यूयॉर्क आणि दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरच्या शहरांतल्या सधन घराण्यांचा लंडनशी संबंध टिकून राहिल्यामुळे तिथे तो सोडण्याची चाल रुजली, असे सामान्यतः मानले जाते. फिलाडेल्फिया त्याच किनाऱ्यावरचे मोठे शहर असूनही तिथे ‘आर’ टिकला, आणि आत खोलवर गेलेल्या वसाहतींत तर तो ढळलाच नाही.

न्यूझीलंडची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथल्या नभोवाणीच्या फिरत्या पथकाने १९४६ ते १९४८ या काळात गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या. त्यांतले सर्वांत वयस्कर लोक १८५० च्या दशकात जन्मलेले होते आणि त्यांच्यातल्या पुष्कळांच्या बोलण्यात ‘आर’ स्पष्ट ऐकू येतो. त्यांच्या नातवंडांनी तो सोडला. अपवाद अगदी दक्षिणेकडच्या साउथलंड भागाचा, जिथे स्कॉटिश लोकांची वस्ती दाट होती आणि जिथे तो आजही काही प्रमाणात शिल्लक आहे.

‘बरोबर कोणते’ या शब्दांत जो प्रश्न विचारला जातो त्याचे उत्तर मी नेहमी न्यूयॉर्कपासून देतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ‘आर’ न उच्चारणे हे खानदानीपणाचे लक्षण होते. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे मार्च १९३३ मधले शपथविधीचे भाषण ध्वनिमुद्रित आहे. ‘भीती बाळगायची ती फक्त भीतीचीच’ हे त्यातले प्रसिद्ध वाक्य ऐकावे, ‘फिअर’ या शब्दातला ‘आर’ शोधून सापडत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर वारे फिरले. नोव्हेंबर १९६२ मध्ये विल्यम लबॉव्ह या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकाने न्यूयॉर्कमधली तीन मोठी दुकाने निवडली: श्रीमंतांचे सॅक्स, मध्यमवर्गाचे मेसीज आणि स्वस्त मालाचे एस. क्लाइन. चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तूची चौकशी करायची, विक्रेत्याच्या तोंडून ‘फोर्थ फ्लोअर’ हे दोन शब्द वदवून घ्यायचे, मग नीट ऐकू न आल्याचा बहाणा करून तेच पुन्हा, जरा जपून, म्हणायला लावायचे आणि बाजूला जाऊन टिपून ठेवायचे. एकूण २६४ जणांची उत्तरे त्यांनी अशी गोळा केली. सॅक्समधल्या ६२ टक्के, मेसीजमधल्या ५१ टक्के आणि एस. क्लाइनमधल्या जेमतेम २० टक्के लोकांच्या बोलण्यात ‘आर’ पूर्णपणे किंवा काही वेळा आला. म्हणजे दुकान जितके उंची, तितका ‘आर’ अधिक. दुसऱ्यांदा, सावधपणे बोलताना त्याचे प्रमाण आणखी वाढले. तीस वर्षांपूर्वी राष्ट्राध्यक्ष ज्याला टाळून प्रतिष्ठित वाटत होते, तोच आता प्रतिष्ठा कमावण्यासाठी उच्चारला जाऊ लागला होता.

इंग्लंडमध्ये त्याच सुमारास नेमके उलटे चित्र होते. लीड्स विद्यापीठाच्या हॅरल्ड ऑर्टन यांच्या देखरेखीखाली १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणच्या, मुख्यतः खेड्यांतल्या बोलींची पाहणी झाली. तेव्हा नैर्ऋत्येकडच्या सलग पट्ट्यात आणि लँकेशरसारख्या काही भागांत म्हातारे शेतकरी ‘आर’ उच्चारतच होते. पण तिथे तो ऐकणाऱ्याला गावंढळ वाटे. चाच्यांची नक्कल करताना जगभरची मुले जो ‘आर्र’ काढतात, तोही मूळचा नैर्ऋत्य इंग्लंडचाच. १९५० साली पडद्यावर ‘ट्रेझर आयलंड’मधला लाँग जॉन सिल्व्हर हा चाचा रंगवणारा रॉबर्ट न्यूटन हा नट डॉर्सेटमध्ये जन्मलेला होता आणि त्याने तो खुशाल वाढवून वापरला. न्यूयॉर्कमध्ये जो ‘आर’ दुकानाची पत वाढवतो तोच ब्रिस्टलजवळच्या खेड्यात हसू आणतो. ध्वनीच्या अंगी यातले काहीच नाही. बोलणारा कोण आहे त्यावर सारे ठरते.

आता जिभेकडे वळू, कारण आपल्या मुलांची खरी अडचण तिथे आहे. मराठी ‘र’ म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांमागच्या हिरडीवर एकदा झटकन टेकते आणि सुटते. जोर दिला तर दोनतीनदा थरथरते. त्याची जागा मूर्धा (टाळ्याचा वरचा भाग) की दंतमूल (दातांमागची हिरडी) यावर आपल्याकडच्या जुन्या आचार्यांतही मतभेद होते, पाणिनीय परंपरा मूर्धा म्हणते आणि काही प्रातिशाख्ये, म्हणजे वेदांच्या उच्चारांवरचे जुने ग्रंथ, दंतमूल. पण जीभ काहीतरी करते, कुठेतरी जाते, हे सर्वांना मान्य होते. आपण लिपीत तो रफार करून, पायात तिरकी रेघ देऊन किंवा ‘दऱ्या’मधल्यासारखा अर्धा काढून निरनिराळ्या रूपांत लिहितो, तरी ध्वनी एकच. इंग्रजीत अक्षराचे रूप एक आणि ध्वनी मात्र अनेक.

अमेरिकन ‘आर’मध्ये जिभेचे टोक वर कुठेही टेकत नाही. पुष्कळ शिकवण्यांत ‘जिभेचे टोक मागे वळवा’ एवढीच सूचना दिली जाते आणि ती अपुरी आहे. पिएर देलात्र आणि डोनाल्ड फ्रीमन यांनी १९६८ मध्ये क्ष-किरणांच्या चलच्चित्रांवरून दाखवले की काही अमेरिकन टोक वर उचलतात, तर इतर अनेकजण टोक खालीच ठेवून जिभेचा मधला भाग वर गोळा करतात, आणि या दोन प्रकारांच्या दरम्यानचेही आकार आढळतात. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही, कारण घशाचा भाग आवळणे आणि ओठ किंचित गोल होणे हे दोहोंतही असते आणि ध्वनीचा एकूण परिणाम सारखाच होतो. ज्या विद्यार्थ्याला जीभ वळवून ‘आर’ साधत नाही, त्याला मी दुसरी वाट सांगतो: लांब ‘ऊ’ म्हणा, ओठ तसेच राहू द्या, आणि आवाज न थांबवता जिभेचा मागचा भाग दोन्ही बाजूंच्या वरच्या दाढांना आतून चिकटवा. बहुतेकांना एवढ्याने वाट सापडते. ‘बर्ड’, ‘गर्ल’ या शब्दांत अमेरिकन लोक आधी ‘अ’ आणि मग ‘र’ असे म्हणत नाहीत, जीभ पहिल्यापासून त्याच आकारात असते आणि ‘आर’ स्वतःच स्वराचे काम करतो. आपण ‘बर्‌ड’ असे दोन तुकडे करतो, म्हणून ते वेगळे वाटते.

इंग्लंडच्या दक्षिणेत उच्चारला जाणारा ‘आर’ याच जातीचा पण सौम्य असतो. तिथल्या काहीजणांत, विशेषतः लंडनच्या आसपास, जिभेचे काम जवळजवळ संपून खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो आणि आपल्या ‘व’जवळचा ध्वनी निघतो. पूर्वी याला सरळ वाचादोष मानत, आता तो इतक्यांच्या तोंडी आहे की तसे म्हणणे कठीण झाले आहे. तरी टिंगल थांबलेली नाही. रॉय हॉजसन २०१२ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले, तेव्हा एका वृत्तपत्राने पहिल्याच पानावर त्यांच्या ‘आर’ची नक्कल छापली होती. ईशान्येकडच्या नॉर्थंबरलंडमध्ये घशातून, पडजिभेपाशी काढलेला ‘आर’ होता, अठराव्या शतकात, लेखक डॅनियल डीफोच्या काळीही प्रवाशांना तो चकित करत असे, आता तो फक्त थोड्या वृद्धांकडे उरला आहे. आयर्लंडमध्ये ‘आर’ पक्का उच्चारला जातो, आणि तिथे अक्षराचे नावही पुष्कळदा ‘ओर’ असे घेतले जाते.

स्कॉटलंडबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. तिथे सगळेजण ‘आर’ घोळवून थरथरवतात असे चित्रपट पाहून वाटते, पण रोजच्या बोलण्यात थरथर क्वचितच असते; एकदा टेकून सुटणारा, म्हणजे आपल्यासारखा, किंवा अजिबात न टेकणारा, असे दोन प्रकार जास्त आढळतात. ग्लासगोत तर याहून पुढची गोष्ट घडते आहे. तिथल्या कामगारवर्गातली तरुण मुले ‘कार’ म्हणतात तेव्हा ‘आर’ गेला असे कानाला वाटते. इलेनॉर लॉसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हनुवटीखाली अल्ट्रासाउंडचे यंत्र लावून पाहिले, तेव्हा जिभेचे टोक वर जातच होते, फक्त तोपर्यंत आवाज थांबलेला असे. मध्यमवर्गातल्या मुलांची जीभ याउलट अमेरिकनांसारखी मध्यभागी गोळा होते आणि त्यांचा ‘आर’ ठळक ऐकू येतो. एकाच शहरात ही दोन टोके आहेत, आणि यांपैकी ‘स्कॉटिश आर’ कोणता म्हणायचा ते ज्याने त्याने ठरवावे.

मराठी माणसाला प्रत्यक्षात सर्वांत जास्त अडणारी बाब मात्र पुस्तकांत सहसा सांगितली जात नाही. अमेरिकन लोक दोन स्वरांच्या मधला ‘टी’ झटकन टेकवून सोडतात: ‘वॉटर’, ‘सिटी’, ‘बेटर’. हा ध्वनी म्हणजे जवळजवळ आपला ‘र’च होय. म्हणून अमेरिकन ‘सिटी’ आपल्याला ‘सिडी’ किंवा ‘सिरी’ वाटते, आणि याची उलट बाजू अशी की दोन स्वरांमधला आपला ‘र’ अमेरिकन कानाला ‘टी’ किंवा ‘डी’ वाटतो. प्रशिक्षणाच्या काळात एक तरुण फोनवर स्वतःचे आडनाव ‘मोरे’ असे स्वच्छ सांगत होता आणि पलीकडची बाई प्रत्येक वेळी ‘मोडे’ असे वाचून दाखवत होती. तो आवाज चढवून, अधिक जोर देऊन सांगू लागला, त्याने काहीच फरक पडला नाही, कारण जोराने जीभ आणखी टणकपणे टेकत होती. ‘जीभ टेकवू नकोस’ एवढे सांगितल्यावर दुसऱ्या खेपेला काम झाले. ‘व्हेरी’, ‘सॉरी’, ‘एरिया’ या शब्दांतही हेच होते. जुन्या पिढीतले उच्चभ्रू इंग्रज ‘व्हेरी’मधला ‘आर’ आपल्यासारखाच टेकवत, आणि त्यांची नक्कल करताना अमेरिकन लोक तो शब्द चक्क ‘डी’ घालून लिहीत.

तर वर्गात काय करावे? माझे मत स्पष्ट आहे: शाळेतल्या मुलांना ‘आर’ गिळायला शिकवण्यात वेळ घालवू नये. आपल्याकडे लंडनचा प्रतिष्ठित उच्चार आदर्श मानला गेला याची कारणे साम्राज्याच्या इतिहासात आहेत, आणि डॅनियल जोन्स यांचा १९१७ सालचा उच्चारकोश व त्याच्या पुढच्या आवृत्त्या अभ्यासक्रमांचा आधार राहिल्यामुळे तो आदर्श टिकला. पण लिहिलेला ‘आर’ उच्चारणारे इंग्रजी भाषक जगात कोट्यवधी आहेत आणि तो उच्चारल्याने कोणालाही समजायला त्रास होत नाही. उलट ‘सोर्स’ आणि ‘सॉस’ वेगळे राहतात, हा फायदाच आहे. इंग्लंडच्या माणसाला समजावे म्हणून काही करायचेच असेल, तर ‘र’ सोडण्याऐवजी त्याच्या आधीचा स्वर पुरेसा लांबवावा आणि शब्दातला आघात योग्य जागी द्यावा. आघात चुकल्याने जितका घोटाळा होतो तितका ‘र’ने होत नाही, हा माझा रोजचा अनुभव आहे.

मात्र दोन गोष्टींवर मी अडून बसतो. पहिली, दोन स्वरांमधल्या ‘आर’ला जीभ हलकी ठेवावी, शक्यतो टेकवू नये, ज्यांना अमेरिकन लोकांशी बोलायचे आहे त्यांना तर हे आवश्यकच आहे. दुसरी, अर्धवट नक्कल करू नये. अमेरिकन ढंगाच्या हौसेपायी ‘सोडा’चे ‘सोडर’, ‘आयडिया’चे ‘आयडियर’ आणि ‘पिझ्झा’चे ‘पिझ्झर’ करणारी मुले मी नेहमी पाहतो. बहुसंख्य अमेरिकन लोक असे म्हणत नाहीत. जिथे अक्षर आहे तिथेच ते ‘आर’ उच्चारतात. त्याच वाक्यात ‘कार’ इंग्रजांसारखे आणि ‘पार्टी’ अमेरिकनांसारखे म्हटले की ऐकणाऱ्याचे लक्ष मजकुरावरून उडते.

राहता राहिला शिक्षिकाबाईंच्या गोंधळाचा एक छोटा धागा. ब्रिटिश शब्दकोशात ‘कार’ किंवा ‘टीचर’च्या उच्चारापुढे कंसात घातलेला किंवा वर चढवलेला ‘आर’ दिसतो, आणि तो ‘उच्चारा किंवा सोडा, दोन्ही चालते’ अशा अर्थाचा पर्याय आहे असे अनेक शिक्षक समजतात. ब्रिटिश उच्चारापुरता त्याचा अर्थ वेगळा आहे: शब्द एकटा असेल किंवा पुढे व्यंजन असेल तर तो नाही, पुढच्या शब्दाच्या आरंभी स्वर असेल तर तो येतो. अनेक कोशांत ब्रिटिश उच्चाराच्या शेजारी अमेरिकन उच्चारही दिलेला असतो आणि त्यात हाच ‘आर’ कंसाविना छापलेला आढळतो. मुलांना दोन्ही नोंदी शेजारी ठेवून दाखवाव्यात, आणि मग त्यांनी कोणती घ्यायची ते त्यांच्यावर सोडावे.